प्रथिन किती वेळ टिकतं? जीन सर्किट करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरातल्या एम.एस्सी. बायोटेक आणि मायक्रोबायोलॉजीच्या मुलामुलींकडून प्रोजेक्टच्या हंगामात हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. जीन सर्किट म्हणजे एकमेकांना चालू-बंद करतील अशी जोडलेली जनुकं. बहुतेक मजकूर ई. कोलाय या जिवाणूबद्दल आहे, माणसाच्या पेशींबद्दल शेवटाकडे थोडंसं. प्रमोटर (जनुक किती जोरात चालेल हे ठरवणारा डीएनएचा तुकडा) कोणता निवडावा, याचं उत्तर इथे सापडणार नाही. त्यावर सगळेच बोलतात.

प्रथिन बनवणं हेच मुख्य काम ना? ते तुटतं कसं, याची काळजी आपण कशाला करायची?

कारण सर्किट किती चटकन प्रतिसाद देणार, हे बनण्याच्या वेगावर ठरत नाही. ते प्रथिन जाण्याच्या वेगावर ठरतं. हे पहिल्यांदा ऐकताना कुणालाच पटत नाही, म्हणून आकडेच मांडू.

समजा, पेशी दर ३० मिनिटांनी दुप्पट होतात आणि तुमचं प्रथिन अजिबात तुटत नाही. बनणं बंद केलं तरी ते कुठे जात नाही. एका पेशीच्या दोन झाल्या की प्रत्येकीच्या वाट्याला निम्मं येतं, एवढंच. म्हणजे अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) ३० मिनिटं. आता त्याला असा टॅग (तोडण्याची खूण असलेलं शेपूट) लावा की नुसत्या विघटनाचं अर्धायुष्य १० मिनिटं होईल. इथे अर्धायुष्यांची बेरीज करायची नसते, दरांची करायची असते. ०.६९३ ला ३० ने भागा, मिनिटाला ०.०२३१. १० ने भागा, ०.०६९३. बेरीज ०.०९२४. त्यावरून नवं अर्धायुष्य निघतं साडेसात मिनिटं.

गंमत अशी की पातळी वर चढतानाही हाच आकडा लागू होतो. प्रमोटर दुप्पट जोरकस केला तर प्रथिन दुप्पट होईल, पण अंतिम पातळीच्या निम्म्यावर पोचायला लागणारा वेळ तोच राहील. वेळ कमी करायचा तर जाण्याचा दर वाढवावा लागतो. त्याची किंमतही मोजावी लागते: वरच्या उदाहरणात जाण्याचा दर चौपट झाला, म्हणून स्थिर पातळी पाव झाली. तेवढंच प्रथिन हवं असेल तर पेशीला ते चौपट वेगाने बनवावं लागेल, आणि शिवाय तोडायला एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करावा लागेल.

चढण्याचा वेळ कमी करायची दुसरी युक्ती आहे. जोरकस प्रमोटर घ्यायचा आणि प्रथिनाला स्वतःच्याच जनुकाला दाबायला लावायचं. रोझेनफेल्ड, एलोविट्झ आणि अलोन यांनी २००२ मध्ये ती दाखवली. पण उतरताना तिचा काही उपयोग नाही.

ई. कोलायतली बहुतेक प्रथिनं तर टिकाऊच असतात ना?

हो. बहुतेकांची पातळी पेशी वाढते म्हणूनच उतरते. याचा उलटा अर्थ ध्यानात घ्या: वाढ मंदावली की टिकाऊ प्रथिनाचं घड्याळही मंदावतं. म्हणून ‘लॉग फेजमध्ये (पेशी भराभर वाढत असताना) मोजलं’ एवढं लिहून भागत नाही, त्या दिवशीचा दुप्पट होण्याचा वेळ वहीत लिहाच.

टॅग टॅग म्हणतात, पण आपण नेमकं लावतो काय?

अकरा अमिनो आम्लांचं शेपूट, प्रथिनाच्या सी-टोकाला, म्हणजे शेवटच्या टोकाला. हे माणसाने शोधून काढलेलं नाही, जिवाणूकडे आधीपासून आहे. रायबोसोम (प्रथिन बनवणारं यंत्र) एमआरएनएवर (जनुकाच्या नकलेवर) अडकून बसला की टीएम-आरएनए नावाचा एक आरएनए येतो, अर्धवट प्रथिनाच्या शेवटी हे शेपूट जोडतो आणि रायबोसोमची सुटका करतो. १९९६ मध्ये कायलर, वॉलर आणि सॉअर यांनी ही यंत्रणा उलगडली. या शेपटाला एसएसआरए टॅग म्हणतात.

शेपूट ओळखणारा मुख्य प्रोटिएज (प्रथिन तोडणारं विकर) म्हणजे क्लिप-एक्सपी. त्यात क्लिप-एक्स हे सहा उपएककांचं कडं असतं. ते एटीपी जाळून प्रथिनाला ओढतं, त्याची घडी उलगडतं आणि आत सरकवतं. आत क्लिप-पी, सात-सात उपएककांची दोन कडी एकमेकांवर बसून झालेलं पिंप. कापाकापी तिथे होते. घट्ट घडीचं प्रथिन असेल तर एका रेणूमागे शेकडो एटीपी जातात. एसएसपीबी नावाचा मदतनीस शेपूट पकडून प्रथिन क्लिप-एक्सच्या हाती देतो. तो नसेल तर काम होतं, पण सावकाश.

एलएए, एलव्हीए, एएव्ही, एएसव्ही यांतला कोणता घेऊ?

ही शेपटाची शेवटची तीन अक्षरं, एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल. मूळ नैसर्गिक रूप एलएए. १९९८ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी जीएफपीला (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला) हे वेगवेगळे शेवट लावून पाहिले. एलव्हीएचं अर्धायुष्य ४० मिनिटांच्या आसपास आलं, एएसव्हीचं दोन तासांच्या जरा अलीकडे, एएव्ही मध्ये कुठेतरी. पुढे इतरांच्या प्रयोगांत एलएए लावलेलं प्रथिन काही मिनिटांतच संपताना दिसलं.

तेव्हा शोधनिबंधातला आकडा उचलून आपल्या मॉडेलमध्ये घालू नका. अर्धायुष्य एकट्या टॅगचं नसतं. स्ट्रेन (जिवाणूचा वाण), तापमान, प्रथिनाची घडी आणि त्या वेळी प्रोटिएजवर पडलेला भार, हे सगळं त्यात येतं. माझं मत विचाराल तर पहिल्या प्रयोगाला एएव्ही घ्या. एलएए इतका झपाट्याने तोडतो की दाखवायला हाती काही उरत नाही.

सोबत एक कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) न चुकता ठेवा: शेवटचं ‘एए’ बदलून ‘डीडी’ केलेलं शेपूट. लांबी तीच, पण क्लिप-एक्स त्याला ओळखत नाही. नुसतं टॅग नसलेलं प्रथिन कंट्रोल म्हणून ठेवलंत तर शेपटामुळे घडी बिघडली की प्रोटिएजने तोडलं, हे सांगता येणार नाही.

माझ्या सर्किटमधल्या दोन प्रथिनांचा आपसात काही संबंध नाही. तरी एक वाढवलं की दुसरंही वाढून राहिलंय. असं का?

दोघांना एकच टॅग आहे ना? मग संबंध आहे, तुम्ही चित्रात काढला नाही इतकंच.

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात धरमकाटा (गाड्यांचा वजनकाटा) एकच आहे असं समजा. संत्र्यांच्या गाड्या एकदम वाढल्या की मिरचीच्या गाड्याही खोळंबतात. संत्रा आणि मिरचीचा एकमेकांशी व्यवहार नाही, पण काटा एक आहे. क्लिप-एक्सपीचं तसंच. पेशीत त्याची संख्या मर्यादित आणि प्लास्मिडवरून (पेशीत घातलेल्या डीएनएच्या कड्यावरून) बनणारं टॅगवालं प्रथिन भरमसाट. एकाचं उत्पादन वाढलं की दुसऱ्याचं तुटणं रखडतं, आणि ते वाढल्यासारखं दिसतं. कुकसन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच ई. कोलायमध्ये दाखवलं आणि त्याला रांगांच्या गणिताची भाषा वापरली.

रांग लागली की आणखी एक गोष्ट होते, आणि मुलांचं मॉडेल इथेच फसतं. प्रोटिएज मोकळा असताना जितकं प्रथिन जास्त तितकं जास्त तुटतं. तेव्हा अर्धायुष्य या शब्दाला अर्थ असतो. प्रोटिएज भरून गेला की मिनिटाला ठरावीक रेणूच तुटतात, समोर हजार असोत की दहा हजार. मग पातळी घातांकी वक्राने न उतरता सरळ रेषेत उतरते, आणि शेवटी रांग संपत आली की वळण घेते. अशा डेटावर घातांकी वक्र बसवलात तर सॉफ्टवेअर काहीतरी अर्धायुष्य छापून देईलच. त्याला काही अर्थ नसतो. आधी लॉग स्केलवर बिंदू काढून डोळ्यांनी बघा: सरळ रेषा आली तर ठीक, सुरुवातीला पोट बाहेर आलेलं दिसलं तर रांग आहे.

या भानगडीचा उपयोगही करून घेता येतो. २०१४ मध्ये हॅस्टी यांच्या गटातल्या प्रिंडल आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळी सर्किटं मुद्दाम याच सामाईक प्रोटिएजमधून जोडली. नवीन प्रथिन बनायची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे निरोप फार लवकर पोचतो.

ऑसिलेटरमध्ये तर टॅग लागतोच, असं शिकवलं आहे. खरं आहे का?

अर्धं खरं. ऑसिलेटर म्हणजे प्रथिनाची पातळी ठरावीक अंतराने वरखाली करत राहणारं सर्किट. गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

२००० साली एलोविट्झ आणि लायब्लर यांनी रेप्रेसिलेटर केला. तीन रिप्रेसर (जनुक दाबणारी प्रथिनं): लॅक-आय टेट-आरला दाबतो, टेट-आर सी-वनला, सी-वन पुन्हा लॅक-आयला. विषम संख्येचं चक्र असल्याने ते एका जागी स्थिरावत नाही, फिरत राहतं. पण रिप्रेसर टिकाऊ असतील तर चक्र रेंगाळतं, म्हणून तिघांना एसएसआरए टॅग लावले. आवर्तनकाळ आला साधारण १६० मिनिटं. पेशी मात्र ५० ते ७० मिनिटांत विभागत होत्या, म्हणजे पेशीचं घड्याळ वेगळं आणि सर्किटचं वेगळं. काम गाजलं. पण आंदोलन जेमतेम ४० टक्के पेशींत दिसलं, आणि जिथे दिसलं तिथेही एक लाट लांब तर एक आखूड.

२००८ मध्ये स्ट्रिकर आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या रचनेचा, स्वतःला चढवणारा आणि दाबणारा असे दोन्ही दुवे असलेला ऑसिलेटर केला. त्याला १३ मिनिटांपर्यंतही पळवता आलं. टॅगशिवाय तो वेग शक्य नव्हता. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात बसलं: ऑसिलेटर म्हटला की टॅग.

मग २०१६ मध्ये पॉल्सन यांच्या गटातल्या पॉत्वँ-त्रोतिए आणि सहकाऱ्यांनी जुनाच रेप्रेसिलेटर पुन्हा उघडला आणि भाग वाढवण्याऐवजी काढायला घेतले. चमकणाऱ्या रिपोर्टरवरचा (पातळी दाखवणाऱ्या प्रथिनावरचा) टॅग काढला, गोंधळ कमी झाला. कारण तो नुसता ‘बघ्या’ रिपोर्टर रिप्रेसरांच्याच रांगेत उभा राहून त्यांना अडवत होता! पुढे रिप्रेसरांचं विघटनही बंद केलं. उरलेली गडबड टेट-आर फार थोडा उरलेला असतानाच्या टप्प्यावर होत होती. तिथे टेट-आरला चिकटायला जास्तीच्या जागा असलेलं एक प्लास्मिड घातलं, म्हणजे मोजके रेणू इकडेतिकडे झाल्याने निर्णय बदलणार नाही. चक्र मंदावलं, सुमारे १४ पिढ्यांना एक. पण इतकं नेमकं झालं की पेशींमध्ये काही संवाद नसतानाही एकदा एकत्र सुरू केल्यावर अख्ख्या फ्लास्कमधल्या पेशी बराच काळ एकाच तालात राहिल्या.

तेव्हा आधी ठरवा: तुम्हाला वेगवान घड्याळ हवं की अचूक? प्रोजेक्टच्या प्रस्तावात हे वाक्य क्वचितच दिसतं.

प्लेट रीडरवर छान गुळगुळीत वक्र येतो. मग एकेक पेशी बघायची काय गरज?

प्लेट रीडर सगळ्या पेशींची चमक एकत्र मोजतो, म्हणून गुळगुळीत आहे हीच शंका घ्यायची जागा. लाखो ऑसिलेटर आपापल्या तालात फिरत असतील तर त्यांची सरासरी सपाट रेघ येते. निम्म्या पेशी पूर्ण चालू आणि निम्म्या पूर्ण बंद असतील तर प्लेट रीडर सांगतो ‘सगळ्या अर्ध्या चालू’, आणि तशी पेशी एकही नसते.

विघटनाचा इथे थेट संबंध येतो. टॅग लावल्यावर पातळी पाव झाली होती, आठवा. समजा ४०० रेणूंचे १०० झाले. योगायोगाने होणारा कमीत कमी चढउतार संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने जातो: ४०० ला २०, म्हणजे ५ टक्के, १०० ला १०, म्हणजे १० टक्के. प्रत्यक्षात प्रथिनं झुबक्याझुबक्याने बनतात, त्यामुळे आकडा याहून मोठा असतो. त्यात विभागणीच्या वेळी रेणू दोन्ही लेकींत काटेकोर निम्मे वाटले जात नाहीत. सरासरीत हे काहीच दिसत नाही.

मग एका पेशीतलं विघटन मोजायचं कसं? आमच्याकडे साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे.

पुरतो. मदर मशीन असेल तर उत्तमच. २०१० मध्ये वांग, जून आणि सहकाऱ्यांनी वापरात आणलेली ही सिलिकॉन रबराची चिप. पेशीच्या रुंदीच्या बंद गल्ल्या. टोकाशी एक पेशी अडकून राहते, लेकी बाहेर ढकलल्या जातात आणि वाहत्या माध्यमाबरोबर जातात. एकाच पेशीच्या शंभरेक पिढ्या बघता येतात. पण पदव्युत्तर प्रोजेक्टला ॲगरोज पॅडवर (जेलीसारख्या थरावर) भागतं.

दीड टक्के ॲगरोज माध्यमातच विरघळवा, त्याचा चौकोन कापा, वर एक मायक्रोलीटर कल्चर, ते शोषलं गेलं की कव्हरस्लिप. मे महिन्यात इथल्या खोलीत पॅड कडांकडून सुकत येतं: पेशी आधी सगळ्या एका बाजूला सरकतात, मग एकेक करून फोकसमधून जातात, आणि सॉफ्टवेअर एका पेशीची ओळख शेजारणीला चिकटवून मोकळं होतं. व्हॅसलीन, लॅनोलिन आणि पॅराफिन समभाग वितळवून कडा बंद करा. मात्र पॅडच्या बाजूला थोडी हवेची जागा राहू द्या. जीएफपीला चमकायला प्राणवायू लागतो. तो संपला की नवीन प्रथिन अंधारातच राहतं. कूलर लावलेल्या खोलीत पॅड जास्त टिकतं हे खरं, पण त्याच्या थरथरीने फोकस हलतो. टेबल भिंतीपासून आणि कूलरपासून लांब घ्या.

मग उत्पादन बंद करा, ठरावीक अंतराने फोटो घ्या, आणि प्रत्येक पेशीची चमक व आकार दोन्ही मोजा. आकार मोजला की वाढीमुळे पातळ होणं वेगळं काढता येतं. त्यासाठीचं इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रकाशाने चमक विझते तीही विघटनासारखीच दिसते, म्हणून ‘डीडी’ कंट्रोलवर अगदी तेवढेच फोटो, तेवढ्याच वेळाचे, काढलेले असले पाहिजेत. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.

उत्पादन बंद करायला क्लोरॅम्फेनिकॉल घातलं तर चालेल?

चालेल, पण तुम्ही मग वेगळंच काहीतरी मोजता. या प्रतिजैविकाने भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) थांबलं की वाढही थांबते, म्हणजे पातळ होणं संपलं. टॅगवाली नवीन प्रथिनं येणंही थांबतं, म्हणजे रांग मोकळी होत जाते आणि विघटन प्रत्यक्ष सर्किटमधल्यापेक्षा जलद दिसू शकतं. इंड्यूसर (जनुक चालू करणारं रसायन) धुऊन काढणं जास्त प्रामाणिक, फक्त आधीच बनलेले एमआरएनए आणखी काही मिनिटं प्रथिन बनवत राहतात, तेवढा सुरुवातीचा भाग सोडून द्या.

टॅग लावला, काहीच फरक पडला नाही.

सिक्वेन्स बघा. बहुतेकदा जनुकाचा मूळ स्टॉप कोडॉन (प्रथिन संपल्याची खूण) प्रायमरमध्ये (जनुकाची नक्कल करायच्या डीएनएच्या तुकड्यात) तसाच राहिलेला असतो, आणि टॅग त्याच्या पुढे, कधीच न बनणारा. तो ठीक असेल तर शेपूट घडीच्या आत दडलंय का बघा. मध्ये लवचीक जोड घाला. ‘बीएल२१ या स्ट्रेनमध्ये प्रोटिएज नसतात’ हे कारण मात्र देऊ नका. त्यात लॉन आणि ओएमपी-टी हे दोन प्रोटिएज नाहीत. क्लिप-एक्सपी शाबूत आहे.

टॅग लावल्यावर चमक सरासर गेली. एवढं तुटतं?

तुटण्याआधी चमकायला वेळ मिळतो का, ते बघा. फ्लुरोसन्ट प्रथिन बनल्या बनल्या चमकत नाही, ते पिकावं लागतं. पिकण्याचं अर्धायुष्य ३० मिनिटं आणि जाण्याचं साडेसात मिनिटं असेल तर एकूण रेणूंपैकी पाचवा हिस्साच चमकणारा मिळेल. चमकीवरून प्रथिन मोजलंत तर पाचपट चुकाल. टॅगसोबत लवकर पिकणारा रिपोर्टरच घ्या. लाल प्रथिनांपैकी अनेक या कामाला संथ आहेत.

क्लिप-एक्सपीची रांग टाळायचा काही मार्ग?

परका प्रोटिएज आणा. मेसोप्लाझ्मा फ्लोरम या जिवाणूचा लॉन प्रोटिएज स्वतःच्याच टॅगला ओळखतो, ई. कोलायच्या यंत्रणेशी गल्लत करत नाही. कॅमरन आणि कॉलिन्स यांनी २०१४ मध्ये त्यावर हवं तेव्हा चालू करता येईल अशी विघटनाची पद्धत उभी केली. रांग तिथेही लागेल, पण फक्त तुमचीच.

माणसाच्या पेशीत हेच सगळं लागू होतं का?

गणित तेच, यंत्रणा दुसरी. तिथे प्रथिनाला युबिक्विटिन हे छोटं प्रथिन लावून प्रोटिॲझोम या तोडणाऱ्या यंत्राकडे पाठवतात. त्या शोधाबद्दल सिकॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेशी सावकाश विभागतात, त्यामुळे पातळ होण्यावर विसंबून चालत नाही आणि विघटनाचं वजन वाढतं. एकेका पेशीकडे बघण्याचा फायदा दाखवणारं नेहमीचं उदाहरण पी५३ या प्रथिनाचं. डीएनएला इजा झाल्यावर सरासरीत त्याच्या पातळीची लाट विरत गेल्यासारखी दिसायची. लहाव आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकेक पेशी पाहिली तेव्हा सुट्या लाटा दिसल्या, काही तासांच्या अंतराने. पी५३ एमडीएम२ या दुसऱ्या प्रथिनाला बनवायला लावतं आणि एमडीएम२ पी५३ ला तोडायला पाठवतं, त्यातून हे चक्र. औषधांच्या बाजूने बघायचं तर प्रोटिॲझोम अडवणारं बोर्टेझोमिब २००३ पासून मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर वापरात आहे.

इथे सगळ्यांना कापूस कळतो. बीटी कापसात प्रथिन कमी होतं ते विघटनामुळेच का?

प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर ‘नुसत्या पातळीवरून सांगता येत नाही’. नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्राय-वन-एसी या बीटी प्रथिनाचं प्रमाण झाडाचं वय वाढेल तसं घटताना दिसलं. पानांत जास्त, बोंडांत आणि फुलांत कमी. पण पातळी घटली म्हणजे बनणं कमी झालं, तुटणं वाढलं की दोन्ही, हे पातळी सांगत नाही. त्यासाठी एमआरएनए वेगळं मोजायला हवं आणि बनणं थांबवून उतार बघायला हवा. ई. कोलायमध्ये तीन तासांत होणारं काम झाडात कितीतरी अवघड आहे.

परवानगी लागते का?

लागते. जनुकं बदललेल्या जिवाणूंवरचं काम पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतं आणि पहिला टप्पा म्हणजे संस्थेची जैवसुरक्षा समिती. ई. कोलायच्या के-१२ कुळातला प्रयोगशाळेतला स्ट्रेन असला तरी कळवावं लागतं. प्लास्मिड मागवायच्या आधी अर्ज द्या, कारण समितीची बैठक तुमच्या सबमिशनची तारीख बघून बसत नाही.

३० अंशांवर प्रयोग करायचा आहे, इनक्युबेटर ३७ च्या खाली येत नाही.

साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीच तापलेली असेल तर तो काय करेल? बीओडी इनक्युबेटर मागा, त्यात गार करायची सोय असते. नाहीच मिळाला तर सगळा प्रयोग ३७ वरच करा आणि तसं स्पष्ट लिहा. अर्धे नमुने जानेवारीतले, अर्धे मेमधले असा डेटा एका आलेखावर काढू नका.